कार्ब्युरेटर निर्दोष आहे!

आपल्याकडे गाडी फटफटायला लागली की पहिला आरोपी ठरलेला: कार्ब्युरेटर. "कचरा आलाय, साफ करून ट्यूनिंग करू." वाटलं होतं, इंग्लंडात तरी असं नसेल. कसचं काय! इथले जुन्या गाड्यांचे शौकीनही स्क्रूड्रायव्हर घेऊन थेट तिथेच धावतात. त्यात मीही आलोच, पीएचडीसकट.

माझी गाडी १९७२ ची एमजीबी. १७९८ सीसी, चार सिलिंडर, दोन एसयू कार्ब्युरेटर. (आपल्या जुन्या अँबेसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच बीएमसी बी-सिरीज घराण्यातलं. म्हणजे चुलत बहीणच!) तर आयडलला सायलेन्सरचा ठेका चुकू लागला. फट-फट-फट-फुस्स. नळीच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरली, तर ती मधूनच आत ओढली जायची. तीन शनिवार मी कार्ब्युरेटर जुळवत बसलो. रबरी नळी कानाला लावून दोन्हींचा सूं-सूं आवाज सारखा केला, मिश्रणात पेट्रोल वाढवलं. फुस्स कायम!

चौथ्या शनिवारी डोकं वापरलं. पुढचा कार्ब्युरेटर मुख्यतः १ आणि २ क्रमांकाच्या सिलिंडरांना पाजतो, मागचा ३ आणि ४ ला. इन्सुलेटेड पकडीने एकेका प्लगची वायर काढून पाहिली. १, २, ४ ला इंजिन गडगडलं. ३ ला काहीच फरक नाही. आता सांगा, मागचा कार्ब्युरेटर बिघडला असता तर ४ नंबर ठणठणीत कसा?

प्लग आणि वायर शेजारच्याशी बदलून पाहिले, दोष ३ लाच राहिला. मग चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजलं. तिघांत १५० पीएसआयच्या आसपास, तिसऱ्यात ९०. चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं, तरी आकडा हलेना. म्हणजे रिंगा ठीक, संशय व्हॉल्व्हवर. टॅपेट कव्हर उघडलं, तर तिसऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फटच नाही! व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता आणि कडेने जळत चालला होता. मागच्या वर्षी ती फट घाईघाईत कोणी ठेवली होती? अस्मादिकांनी.

"अहो, आमच्या नाक्यावरचा मेकॅनिक नुसत्या कानाने ओळखतो," असं कोणी म्हणेलच. त्या कानाला माझा नमस्कार. पण बिघाड आहे एवढंच कान सांगतो, तो कुठे आहे ते मोजल्यावरच कळतं. आणि न मोजता स्क्रू फिरवला की पुरावाच पुसला जातो. मूळ रोग तसाच राहतो, त्यावर आपल्या चुकीचा थर चढतो. मी तीन शनिवार ट्यूनिंग नव्हे, पुरावे नष्ट करत होतो. तोवर व्हॉल्व्ह जळतच होता. शेवटी हेड उतरवावं लागलं.

याला आपण कौतुकाने 'अनुभव' म्हणतो. माझ्या मते हा शुद्ध आळस आहे. कार्ब्युरेटर हाताशी असतो, स्क्रू समोर दिसतो, म्हणून तो गुन्हेगार! आधी व्हॉल्व्हची फट आणि कॉम्प्रेशन, मग इग्निशन, कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळायला डॉक्टरेट लागत नाही. उलट माझी काहीच कामाला आली नाही.

तेव्हा मंडळी, कोणी बोनेट उघडताच कार्ब्युरेटरला स्क्रूड्रायव्हर लावला, तर हात धरा आणि विचारा, "कॉम्प्रेशन पाहिलंत का?"