अंगठी हवी, तर चंदेरी कागदही ऐका

मेटल डिटेक्टर हाती आला की आपण आधी ‘डिस्क्रिमिनेशन’ वाढवतो. भिलाईत तर हा मोह होणारच! १९५९ पासून लोखंड ओतणाऱ्या या गावात मातीत खिळे, तारा, नट-बोल्ट सगळीकडे.

पण थांबा. क्वार्टरच्या बागेत पडलेली अंगठी शोधायची असेल, तर फक्त लोखंड बंद करा; त्याहून वर जाऊ नका. नाजूक सोन्याचा आकडा बहुधा गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाजवळच येतो. कागद गाळलात, तर सोनंही गळेल. तांबं आणि चांदी वरच्या आकड्यांवर बोलतात.

आधी घरातली तशीच अंगठी जमिनीवर ठेवून आकडा पाहा. मग शेजारी खिळा ठेवा. लोखंड सोन्याचा आवाज कसा दाबतं, ते कळेल. म्हणून कॉइल हळू फिरवा, आडवी आणि उभी.

आणि गुप्तधन लागलं तर? १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. संरक्षित स्मारकाच्या आवारात खोदू नका. बाकी कुठेही खड्डा बुजवूनच घरी परता.