कोड न लिहिणारा भागीदार

ज्याला कोड लिहिता येत नाही, त्या सहसंस्थापकाकडे स्टार्टअपच्या जगात फुकटचा वाटेकरी म्हणून पाहिले जाते. लोकांच्या घरातल्या खोल्या प्रवाशांना भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीचा सुरुवातीचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. 2008 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उभ्या राहिलेल्या या कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी ब्रायन चेस्की आणि जो गेबिया डिझाइनचे पदवीधर. अभियंता एकटा नेथन ब्लेचार्झिक. संकेतस्थळ चालत होते, तरी न्यूयॉर्कमधल्या खोल्यांना पुरेसे गिऱ्हाईक मिळेना. यजमानांनी टाकलेले फोटोच इतके सुमार होते की अनोळखी घरात मुक्काम करायचा धीर कुणाला व्हावा? 2009 मध्ये संस्थापक तिथे दारोदार फिरले, चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढले, यजमानांशी बोलले, आणि आठवड्याची कमाई दुप्पट झाली. (ती तोवर होती जेमतेम 200 डॉलर, हेही खरे.) परक्यावर विश्वास कसा बसावा, ही या धंद्याची खरी अडचण होती आणि ती कोडने सुटणारी नव्हती.

यावर गूगलचा दाखला दिला जातो: संस्थापक लॅरी पेज, सर्गेई ब्रिन, दोघेही संगणकशास्त्राचे. कबूल, पण तिथे अवघड काम शोधयंत्र बनवण्याचेच होते. ‘कल्पना माझी’ एवढ्या भांडवलावर निम्मा हिस्सा मागणाऱ्यांविषयी अभियंत्यांची चीडही रास्तच. अशांना चेस्की-गेबियांच्या मापाने मोजावे. 2008 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत उमेदवारांच्या नावांची, नाश्त्याच्या सीरियलची खोकी हाताने चिकटवून, एकेक 40 डॉलरना विकून त्यांनी सुमारे 30,000 डॉलर उभे केले आणि कंपनी तगवली.