अँप्लिफायर ‘नॉर्मल’ गरम आहे, पण कुठल्या खोलीत?

मार्च संपत आला की एक प्रश्न हमखास येतो. ‘होम थिएटरच्या रिसीव्हरवर हात ठेवला तर चटका बसतो, हे नॉर्मल आहे का?’ उत्तरंही ठरलेली असतात. एक जण म्हणतो, अँप्लिफायर आहे, गरम होणारच. दुसरा म्हणतो, ताबडतोब बंद कर, जळेल. गंमत म्हणजे दोघंही अर्धे बरोबर असतात, कारण मूळ प्रश्नात एक आकडा गहाळ आहे. खोलीचं तापमान किती होतं?

हा आकडा कंपनीने मात्र धरलेला असतो. मॅन्युअलची शेवटची दोन-तीन पानं, जी आपण कधीच वाचत नाही, ती उघडून बघा. बऱ्याच एव्ही रिसीव्हरांसाठी खोलीचं कमाल तापमान ३५ अंश दिलेलं असतं. सोनोसच्या स्पीकरांसाठी ते ४० आहे. तुमच्या हातात आयफोन असेल तर अ‍ॅपलसुद्धा तो ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा असंच सांगते. आता अकोला, जळगाव, नागपूर, चंद्रपूर इथला मे महिना आठवा. दिवसेंदिवस ४३ ते ४५. म्हणजे एसी नसलेल्या घरात दुपारी रिसीव्हर लावला की गाणं सुरू व्हायच्या आधीच आपण मॅन्युअलच्या बाहेर गेलेलो असू शकतो.

हवामान विभागाच्या नोंदींनुसार २०२४ हे १९०१ पासूनचं भारतातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. त्यामुळे ही चार दिवसांची अडचण आहे, काढू कशीबशी, असं म्हणता येत नाही. शिवाय हवामान विभागाचा आकडा सावलीतल्या, हवा खेळती असलेल्या पेटीतला असतो. वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली रात्री दहालाही तापलेलीच असते, आणि रिसीव्हर त्या खोलीतही नाही, काचेचं दार लावलेल्या टीव्ही युनिटच्या कप्प्यात असतो.

फरक मोजा, आकडा नाही

इंजिनिअरिंगमध्ये उपकरणाचं तापमान सांगताना आम्ही आधी ‘वाढ’ बघतो. उपकरण आजूबाजूच्या हवेपेक्षा किती अंशांनी जास्त गरम झालं, ती वाढ. तेवढीच वीज उष्णतेत जात असेल आणि हवा तशीच वाहत असेल, तर ही वाढ ढोबळमानाने कायम राहते. समजा तुमच्या रिसीव्हरचं वरचं झाकण खोलीपेक्षा २३ अंशांनी जास्त तापतं. खोली २५ असेल तर झाकण ४८. कोमट, हात ठेवता येतो. खोली ४२ असेल तर तेच झाकण ६५. हात झटकन मागे येईल. रिसीव्हरमध्ये काहीही बिघडलेलं नाही, त्याने नेहमीचेच २३ अंश वाढवले आहेत. उलट खोली २५ असताना झाकण ६५ लागलं, तर मात्र काहीतरी गडबड आहे.

म्हणून डिसेंबरमध्ये एकदा मोजून ठेवा. झाकण वजा खोली, हा आकडा लिहून ठेवा आणि मे महिन्यात परत मोजा. फरक तोच असेल तर दोष उन्हाळ्याचा. फरक वाढला असेल तर धूळ साचली आहे, पंखा बंद पडला आहे, किंवा आत एखादा भाग म्हातारा होतोय.

मोजायचं कसं? फोनमध्ये थर्मामीटरच्या नावाने मिळणारी बहुतेक अ‍ॅप्स फोनच्या बॅटरीचं किंवा हवामान खात्याचं तापमान दाखवतात, त्यांचा इथे उपयोग नाही. इन्फ्रारेड गन चालते, पण चकचकीत धातूवर ती खूप कमी आकडा दाखवते. झाकणावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, दोन-चार मिनिटं थांबा आणि त्या तुकड्यावर नेम धरा. तापमान मोजणारी वायर असलेला साधा मल्टीमीटर असेल तर उत्तमच.

उष्णता येते कुठून

इथे थोडं थांबू, कारण ‘आवाज कमी ठेवलाय, मग गरम का?’ हा प्रश्न चुकीच्या समजातून येतो.

पारंपरिक रिसीव्हरमध्ये क्लास एबी नावाची रचना असते. तिच्यात आउटपुट ट्रान्झिस्टरमधून आवाज शून्य असतानाही थोडा करंट सतत वाहता ठेवतात, नाहीतर लहान आवाजात खरखर येते. त्यात एचडीएमआयचं सर्किट आणि प्रोसेसर यांचा वापर मिळवला की सात चॅनेलचा रिसीव्हर नुसता चालू असताना ४०-५० वॅट सहज खातो. जुन्या पिवळ्या बल्बएवढे. आणि घरात गप्पा मारत गाणी ऐकताना स्पीकरकडे सरासरी किती जातात? एक-दोन वॅट. बाकी सगळं खोली तापवायला. त्यामुळे आवाज ३० वरून २० केला म्हणून रिसीव्हर थंड होत नाही. बंद केला की होतो.

याहून मजेशीर गोष्ट अशी की आदर्श क्लास बी अँपमध्ये सलग सूर वाजत असताना सर्वांत जास्त उष्णता कमाल आवाजाला होत नाही, ती कमाल पॉवरच्या साधारण ४० टक्क्यांवर होते. म्हणजे फुल आवाजात पार्टी केली तरच अँप तापतो असंही नाही, मध्यम-मोठ्या आवाजात तासभर चालवला तरी पुरतं. त्यात आठ ओहमऐवजी चार ओहमचे स्पीकर जोडले की करंट दुप्पट, उष्णताही तशीच चढते.

क्लास ए हा शौकिनांचा प्रकार. तो गप्प बसलेला असतानाही पूर्ण तापतो, तेच त्याचं काम. उलट साउंडबार, ब्लूटूथ स्पीकर आणि अलीकडचे छोटे अँप क्लास डी असतात. त्यांची कार्यक्षमता पूर्ण आवाजात ८५-९० टक्क्यांपर्यंत जाते, म्हणून ते कोमट होऊन थांबतात. तुमचा साउंडबार हात लावून भाजत असेल, तर ‘अँप आहे, होणारच’ हे उत्तर मान्य करू नका.

४२ अंशांचं बिल कोण भरतं

ट्रान्झिस्टरची फारशी काळजी नको. त्यातल्या सिलिकॉनची मर्यादा १५० अंशांच्या आसपास असते आणि त्याआधी थर्मल प्रोटेक्शन रिसीव्हर बंद करतं. लॅपटॉप गरम झाला की मंद होतो, रिसीव्हर मंद होत नाही, थेट झोपतो. खरा मार बसतो तो इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरवर. आत द्रव असलेले ते उभे डबे. उष्णतेने द्रव हळूहळू सुकतो.

यांचा एक जुना आणि बऱ्यापैकी विश्वासू ठोकताळा आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. कॅपॅसिटरवर ‘१०५ अंश’ छापलेलं असेल आणि त्या तापमानाला त्याचं आयुष्य २,००० तास असेल, तर ६५ अंशांना ते ३२,००० तास होतं. रोज चार तास धरले तर जवळपास २२ वर्षं. आता स्वस्त उपकरणात ८५ अंशवाला कॅपॅसिटर असेल तर? त्याच ६५ अंशांना ८,००० तास, म्हणजे साडेपाच वर्षं. खोली दहा अंशांनी तापली, आतलं तापमान ७५ झालं, तर ४,००० तास. पावणेतीन वर्षं. अर्थात मे महिना बारा महिने नसतो, त्यामुळे प्रत्यक्षातली घट याहून कमी. पण दिशा कळते. एक वर्षाची वॉरंटी संपल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात स्पीकरमधून गुणगुण सुरू होते आणि दुकानदार ‘बोर्ड गेलाय, नवीनच घ्या’ म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा पन्नास-शंभर रुपयांचा एक डबा सुकलेला असतो.

बॅटरीवाल्या स्पीकरचं गणित वेगळं, आणि तुमच्यापैकी बहुतेकांकडे तेच असतात. लिथियम-आयन सेल साधारण ० ते ४५ अंशांतच चार्ज करायचे असतात. दुपारी व्हरांड्यात किंवा खिडकीतल्या उन्हात चार्जिंगला लावलेला पार्टी स्पीकर चार्जच होत नाही, आणि आपण चार्जर बदलतो. चार्जर ठीक असतो. आतल्या सर्किटने सेल गरम आहे म्हणून चार्जिंग थांबवलेलं असतं. उन्हात लावलेल्या गाडीत स्पीकर ठेवणं त्याहून वाईट, आतली हवा ६० च्या वर जाऊ शकते.

मुंबई, कोकण, गोव्यातल्या मंडळींसाठी एक दिलासा. ‘फील्स लाइक ४२’ हे आकडे माणसासाठी आहेत. दमटपणात आपला घाम सुकत नाही म्हणून आपण हैराण होतो, अँपला घाम येतच नाही. त्याच्या दृष्टीने ३४ म्हणजे ३४. (खारी हवा कनेक्टर गंजवते, ते दुखणं वेगळं.)

नियम कुठल्या खोलीत लिहिले गेले

आता या सगळ्यातला मला खटकणारा भाग. ऑडिओ-व्हिडिओ उपकरणांच्या सुरक्षेसाठी आधी आयईसी ६००६५ हे आंतरराष्ट्रीय मानक होतं, भारतात त्यावर बेतलेलं आयएस ६१६. त्यात बाहेरच्या भागांसाठी ‘वाढ’ मोजली जायची. धातूच्या खोक्याला नेहमीच्या वापरात ४० अंशांपर्यंतची वाढ चालत होती, खोली ३५ ची धरून. आणि उष्ण कटिबंधासाठीच्या उपकरणांना ही मर्यादा १० अंशांनी कमी होती. साधा, शहाणा विचार.

त्याची जागा घेणाऱ्या आयईसी ६२३६८-१ मध्ये हाताला किती वेळ स्पर्श होतो यावरून थेट तापमान ठरवलं आहे. वापरताना हात लावायची गरज नसलेल्या धातूच्या भागाला ७० अंश, क्षणभर स्पर्श होणाऱ्याला ६०, सतत धरायच्या भागाला ४८. भाजण्याच्या दृष्टीने हे जास्त काटेकोर आहे. पण हे स्पर्शाचं तापमान तपासायची खोली २५ अंशांच्या आसपासची. २५ च्या खोलीत ६८ दाखवणारं झाकण पास होतं. तेच झाकण ४२ च्या खोलीत ८५ होईल. रांगत रांगत टीव्ही युनिटपाशी येणाऱ्या बाळाला कुठली खोली, ते सांगता येत नाही.

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसीचं तापमान २० ते २८ अंशांत बांधायचा प्रस्ताव जाहीर केला, तेव्हा खोलीच्या तापमानावर देशभर चर्चा झाली. पण ती एसी असलेल्या खोलीची होती. बहुतेक घरांत एसी नाही, तिथे साउंडबार आणि होम थिएटर मात्र पोचलेत. माझी मागणी अगदी लहान आहे. फ्रिजवर स्टार लेबल लागतं, तसं खोक्यावर दोन आकडे छापा: खोलीचं कमाल तापमान आणि झाकणाची कमाल वाढ. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाची तरतूद आहे. योग्य वापराची पुरेशी सूचना किंवा इशारा न दिल्यामुळे इजा झाली तर उत्पादकाला जबाबदार धरता येतं. मॅन्युअलच्या ८४व्या पानावर सहा पॉइंटच्या अक्षरात लिहिलेलं ‘३५’ ही पुरेशी सूचना आहे का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

तोवर आपल्या हातातलं. रिसीव्हरच्या वर सेट-टॉप बॉक्स आणि राउटर रचू नका, विणलेला रुमाल तर नकोच. काही कंपन्या वर ३० आणि बाजूंना २० सेंटिमीटर जागा सोडायला सांगतात. तेवढी नसेल तर निदान युनिटचं मागचं प्लायवूड कापून घ्या, सुतार अर्ध्या तासात करून देतो. गणपतीत मखराच्या मागे अँप दडवून वर कापड सोडतात, तेव्हा झरोके उघडे आहेत एवढं बघा. माझ्याकडे रिसीव्हरच्या झाकणावर १२ व्होल्टचा कॉम्प्युटरमधला पंखा उलटा, हवा वर ओढेल असा ठेवलाय आणि तो पाच व्होल्टच्या यूएसबीवर हळू फिरतो. आवाज जवळजवळ नाही, झाकण मात्र १०-१२ अंशांनी उतरतं. कूलरसमोर ठेवायचा मोह होईल, पण त्यातून तुषार उडतात, म्हणून थेट झोतात नको.

आणि करपल्याचा किंवा माशासारखा वास, फुगलेली बॅटरी, एकाच बाजूला जास्त तापलेलं झाकण, कमी आवाजातही वारंवार आपोआप बंद होणं, यातलं काही दिसलं तर थर्मामीटर शोधत बसू नका. आधी प्लग काढा.