भाडेकरू तुमचा हप्ता फेडणार नाही

टिटवाळा स्थानकातून महागणपतीच्या देवळाकडे जाताना अलीकडे माझ्या हाती वारंवार पत्रके पडतात. आशय एकच : तुमचे राहते घर कर्जमुक्त होऊन निष्क्रिय पडले आहे, ते तारण ठेवा, दुसरी सदनिका घेऊन भाड्याने द्या, भाडेकरूच तुमचा हप्ता फेडील.

आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला या शेवटच्या वाक्याचा हिशेब मांडल्यावाचून राहवत नाही. समजा, ३० लाखांच्या सदनिकेसाठी राहत्या घरावर २५ लाखांचे कर्ज १० टक्के दराने १५ वर्षांसाठी काढले. मासिक हप्ता सुमारे २६,९०० रुपये. भाडे ८,००० आले, आणि एकही महिना न चुकता आले, तरी भाडेकरू हप्त्याचा तिसरा हिस्साही फेडीत नाही. बाकीचे १८,९०० रुपये मालकाच्या खिशातून जातात.

मग हा व्यवहार तरतो कशावर? किंमत चढेल या आशेवर. ती चढलेली किंमत देणार कोण? कसाऱ्याहून भरून आलेल्या लोकलमध्ये टिटवाळ्याला कसेबसे शिरणारा आणि पहिल्या घरासाठी पै-पै साठवणारा तरुणच ना? शिवाय किंमत चढते ती मालकाच्या कर्तृत्वाने नव्हे, तर सार्वजनिक पैशातून झालेल्या रेल्वे, नळ व रस्त्यांमुळे. मिलने या वाढीला अनर्जित म्हटले व तीवर कर सुचवला. हेन्री जॉर्जने १८७९ साली त्यावर ग्रंथच लिहिला. आपले शासन उलट सवलत देते. भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट, वर कर्जाच्या व्याजाची वजावट. जुन्या करपद्धतीत तर वर्षाला दोन लाखांपर्यंतचा तोटा पगारातूनही वजा होतो.

आणि धोका? मे २०२२ मध्ये ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर गेला. बदलत्या व्याजदराने कर्ज घेणाऱ्यांची मुदत वा हप्ता त्याबरोबर वाढला. हप्ते थकले तर २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार ६० दिवसांच्या नोटिशीनंतर, न्यायालयात दावा न लावता, बँक तारण मालमत्तेचा ताबा घेऊ शकते. येथे तारण आहे ते दुसरे घर नव्हे, डोक्यावरचे छप्पर.

आपल्यातलेच काही सहकारी, विशेषतः शिक्षक, म्हणतात : १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्या राज्य कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन नाकारली गेली, त्यांनी म्हातारपणी खायचे काय? आक्षेप रास्त आहे, आणि मी स्वतः पेन्शनवर जगतो, त्यामुळे मला बोलणे सोपे आहे हेही कबूल. पण शासनाने टाळलेली जबाबदारी आपल्याहून गरीब भाडेकरूच्या मानेवर ठेवायची, हे त्याचे उत्तर कसे? अकरा महिन्यांचा करार संपला की भाडे वाढते, नाहीतर बिऱ्हाड हलते आणि मुलांची शाळा सुटते. पेन्शनसाठी भांडायचे ते मंत्रालयाशी.

घरासाठीही भांडता येते. मृणालताई गोरे व बाबुराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेने कमाल जमीन धारणा कायद्याचा आधार घेऊन गोरेगावला सामान्यांची हजारो घरे उभी केली. तो कायदा महाराष्ट्राने २००७ साली गुंडाळला. इकडे कल्याण-डोंबिवलीत शहरी गरिबांसाठी बांधलेली बीएसयूपी योजनेची तयार घरे वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिली. त्यांतील किती वाटली, किती उरली आणि उरलेली महापालिका माफक भाड्याने का देत नाही, हे लेखी विचारण्याचे काम टिटवाळा शाखेने याच महिन्यात अंगावर घ्यावे. अर्जाचा मसुदा मी करून देतो.