पैसा आहे, पाथरवट कुठे आहेत?

पुणे-सोलापूर महामार्गावरील कुरकुंभची आजची ओळख औद्योगिक वसाहतीची आहे. जुनी ओळख फिरंगाई देवीच्या स्थानाची. दौंड तालुक्यातील या गावाच्या परिसरात देवस्थानांचा आणि इतिहासाचा मोठा ठेवा आहे. पुण्याकडे निघाले की यवतजवळच्या डोंगरावर यादवकालीन भुलेश्वर लागतो. भीमेच्या पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यात अहिल्याबाई होळकरांनी गाभारा बांधलेले सिद्धटेक आहे आणि पेडगावच्या भुईकोटात लक्ष्मीनारायणाचे कोरीव मंदिर उभे आहे. याच कोटाजवळच्या छावणीत १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबापुढे आणण्यात आले होते. कारखानदारीने आलेला पैसा आणि शेकडो वर्षांचे कोरीव दगड असे शेजारी असताना एक प्रश्न टाळता येत नाही. या वास्तू जपायच्या म्हणजे नेमके काय करायचे?

जीर्णोद्धाराला आता निधी मिळत नाही, असे राहिलेले नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये प्राचीन मंदिरांच्या जतनासाठी १०१ कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. सिन्नरचे गोंदेश्वर, खिद्रापूरचे कोपेश्वर, मार्कंडा येथील शिवमंदिर अशी आठ देवस्थाने त्यात पहिल्या टप्प्यात होती. पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणी मंदिरासाठी सुमारे ७३ कोटींचा आराखडा झाला. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठराविक उलाढालीच्या वा नफ्याच्या कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावयाची आहे. या कामांच्या यादीत ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंची दुरुस्तीही आहे. म्हणजे निकषांत बसणाऱ्या कारखान्याला शाळेच्या खोल्यांप्रमाणेच जुन्या मंदिराच्या जतनालाही हातभार लावता येतो. अडचण पुढे आहे. पैसा हाती आला की घाई होते आणि घाईतील दुरुस्ती दुर्लक्षापेक्षा महाग पडते.

'मूळ रूप' कोणते?

जतनाच्या प्रत्येक घोषणेत 'मूळ रूप' हा शब्द असतो. भुलेश्वरासमोर उभे राहिले की त्याचा अर्थ अवघड होतो. आतील काळ्या पाषाणातील शिल्पांकित भाग यादवकाळातील आहे. सतराव्या शतकात मुरार जगदेवाने याच डोंगरावर दौलतमंगळ किल्ला उभारला. पुढे विटा व चुन्यात बांधलेली शिखरे आणि घुमट आले. बाहेरून पाहणाऱ्याला आत इतके प्राचीन मंदिर असेल, याचा अंदाजही येत नाही. भंगलेल्या मूर्ती हाही याच इतिहासाचा भाग आहे. यांपैकी काय काढायचे आणि काय ठेवायचे?

दोन अनुभव येथे उपयोगी पडावेत. पंढरपुरात २०२४ मध्ये मार्च ते जून या काळात पदस्पर्श दर्शन बंद ठेवून काम झाले. नंतरच्या काळात बसविलेल्या फरशा व ग्रॅनाइट काढल्यावर जुने दगडी बांधकाम दिसू लागले. या कामादरम्यान एक तळघर सापडले आणि त्यात मूर्तीही मिळाल्या. येथे वरचा थर काढणे लाभाचे ठरले.

जुन्या गोव्यात उलट घडले. १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या बॉम जीझस चर्चवरील चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढण्यात आला. उघडा दगड अधिक प्राचीन दिसेल, अशी त्यामागची समजूत होती. पण तो जांभा दगड आहे. सच्छिद्र असल्याने तो पाणी शोषतो आणि कोकणातील पावसात झिजतो. गिलावा ही सजावट नव्हती, ते वास्तूचे छत्र होते. तो पुन्हा चढवावा, अशी मागणी २०२० मध्ये चर्चच्या धुरिणांकडूनच पुढे आली. थर नंतरचा आहे की आधीचा, एवढ्यावरून निवाडा करता येत नाही. तो थर काय काम करतो, हे पाहावे लागते.

युरोपने हा धडा मोठी किंमत मोजून गिरवला आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात जुनी चर्चे खरवडून 'शुद्ध' करण्याची लाट आली. तिला विरोध करण्यासाठी विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणाची संस्था स्थापन केली. जेथे अंदाज सुरू होतो तेथे पुनर्बांधणी थांबावी, हे तत्त्व १९६४ च्या व्हेनिस सनदेने मान्य केले. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचा मनोरा एप्रिल २०१९ च्या आगीत कोसळला. तो मध्ययुगीन नव्हताच, १८५९ मध्ये उभारलेला होता. त्या जागी आधुनिक मनोरा बांधण्याची चर्चा झाली, पण २०२० मध्ये जुन्याच नमुन्यावर शिक्कामोर्तब झाले. एकोणिसाव्या शतकाची भरही इतिहासाचाच भाग मानली गेली. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा खुले झाले.

हात आणि नोंदी

हे पाच वर्षांत साधले ते केवळ सुमारे ८४ कोटी युरोंच्या देणग्यांमुळे नव्हे. आगीपूर्वीचे लेसरने घेतलेले तपशीलवार मोजमाप उपलब्ध होते आणि ओक लाकूड जुन्या पद्धतीने तासणारे सुतार देशात शिल्लक होते. जर्मनीतील कोलोन कॅथेड्रलचे काम १२४८ मध्ये सुरू झाले आणि १८८० मध्ये संपले, पण पाथरवटांची कार्यशाळा आजही चालू आहे. एका बाजूची दुरुस्ती होते तोवर दुसरी बाजू कामाला येते. या कार्यशाळांच्या परंपरेची २०२० मध्ये युनेस्कोनेही दखल घेतली.

आपल्याकडे नेमका हाच दुवा तुटला आहे. हेमाडपंती बांधकामात दगड एकमेकांत बसवून, वजनाच्या आधारे तोलले जातात. त्यांच्या सांध्यात सिमेंट भरले की बांधकामाची लवचिकता जाते. विटा-चुन्याच्या शिखरावर सिमेंटचा गिलावा केला की आत मुरलेला ओलावा कोंडतो, क्षार साचतात आणि जुनी वीट पोकळ होते. तैलरंगाचेही तसेच. हेतू भक्तीचा असतो, परिणाम वास्तूला भोगावा लागतो. चुना भिजवून मुरवणारा, दगडाची जात ओळखणारा कारागीर गावात मिळत नाही म्हणून सिमेंटचे पोते उघडले जाते.

कायदे अपुरे नाहीत. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे. राज्याचा स्वतंत्र कायदा १९६० चा आहे. राज्य संरक्षित स्मारकांच्या संगोपनासाठी 'महाराष्ट्र वैभव' योजना आहे, केंद्राचा राष्ट्रीय सांस्कृतिक निधी आहे. मात्र यादीत नसलेली असंख्य ग्रामदैवते या चौकटीबाहेर राहतात. तेथे निर्णय ग्रामस्थ आणि देवस्थान समितीचा असतो आणि तो बहुधा यात्रेपूर्वी घाईत घेतला जातो.

कुरकुंभच्या परिसरासाठी म्हणूनच मोठ्या आराखड्यापेक्षा लहान, सातत्याचे काम अधिक मोलाचे ठरेल. प्रत्येक जुन्या मंदिराची मोजमापे व छायाचित्रे घेऊन ती जपावीत. पावसाळ्यापूर्वी सांध्यांतील पिंपळाची रोपे काढावीत, पन्हळी मोकळ्या कराव्यात. परिसरातील तरुणांना चुनेकाम आणि दगडकाम शिकविणारी कायमस्वरूपी शाळा उभी राहावी. औद्योगिक वसाहतीचा सामाजिक निधी भव्य कमानींऐवजी या शाळेकडे वळला, तर दुरुस्तीबरोबर रोजगारही मिळेल. तसे झाले नाही, तर येत्या काही वर्षांत ही मंदिरे चकचकीत दिसतील, पण त्यांच्या भिंतींतून सातशे वर्षांचा इतिहास वाचणे कुणालाच शक्य होणार नाही.