ऑक्सफर्ड सोडून बॅटन रूज

३० नोव्हेंबर २०२५ रोजी लेन किफिन यांनी मिसिसिपी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षकपद सोडून लुइझियाना राज्य विद्यापीठाचे पद स्वीकारले. (फुटबॉल म्हणजे येथे लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकी खेळ.) त्यांच्या संघाने बारांपैकी अकरा सामने जिंकले होते आणि राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी तोंडावर आली होती. अशा घडीला फॉकनरचे ऑक्सफर्ड सोडून बॅटन रूजला जाणे पुष्कळांस उतावीळपणाचे वाटले. परंतु तेथील पद अधिक मोलाचे, याविषयी फारसे दुमत दिसले नाही. हे मोल कोणत्या तराजूने ठरते, याचा विचार आम्हांस करावासा वाटतो.

रूढ तराजू अगदीच खोटा नव्हे. लुइझियानाची भूमी खेळाडूंची खाण आहे आणि राज्यात या विद्यापीठास तोलामोलाचा प्रतिस्पर्धी नाही. मिसिसिपीत मात्र दोन विद्यापीठांना त्याच मुलांसाठी झगडावे लागते. बॅटन रूजचे क्रीडांगण एक लाखाहून अधिक प्रेक्षकांचे. निक सेबन, लेस माइल्स आणि एड ऑर्जरॉन या लागोपाठच्या तीन प्रशिक्षकांनी तेथे २००३, २००७ व २०१९ या हंगामांची विजेतेपदे मिळविली. मात्र पुढचे सांगताना समीक्षकांचा आवाज जरा खाली येतो: सेबन स्वतःहून गेले, माइल्स यांना २०१६ मध्ये हंगामाच्या मध्यावरच काढले आणि ऑर्जरॉन यांच्या गच्छंतीची घोषणा २०२१ च्या ऑक्टोबरात, विजेतेपदाला दोन वर्षेही झालेली नसताना झाली.

या गादीवर राजसत्तेची नजर पूर्वापार आहे. १९३४ मध्ये सिनेटर ह्यूई लाँग यांना, ज्यांचा शब्द त्या राज्यात अखेरचा असे, मध्यंतरात खेळाडूंसमोर भाषण करण्याची हुक्की आली. प्रशिक्षक बिफ जोन्स यांनी नकार दिला, सामना जिंकला आणि राजीनामा दिला. त्याच सुमारास रॉबर्ट पेन वॉरन या विद्यापीठात अध्यापन करू लागले होते. क्लिअँथ ब्रुक्स यांच्यासह १९३५ मध्ये त्यांनी तेथूनच 'सदर्न रिव्ह्यू' सुरू केले. नवसमीक्षा शिकविणाऱ्यांस हे नियतकालिक ठाऊक असते, पण ते ज्या आवारात निघाले तेथील मैदान सहसा आठवत नाही. १९४६ च्या 'ऑल द किंग्ज मेन' मध्ये मात्र राज्यपाल विली स्टार्क याचा मुलगा विद्यापीठाच्या फुटबॉल संघात आहे आणि बापाची सत्ता प्रशिक्षकाच्या निर्णयापर्यंत पोहोचते.

ही केवळ कादंबरीतली गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात ब्रायन केली यांना काढल्यावर त्यांना देय असलेली रक्कम सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर होती. तेव्हा राज्यपाल जेफ लँड्री यांनी, पुढील प्रशिक्षक विद्यापीठाचे क्रीडा-संचालक निवडणार नाहीत, असे जाहीरपणे सांगितले. पाठोपाठ संचालकही गेले. लोकांच्या पैशाचा प्रश्न रास्त आहे, हे आम्ही मान्य करतो. पण निवड कोणी करावी हे सचिवालयातून ठरू लागले की ते पद विद्यापीठाचे राहते काय? आपल्याकडील कुलगुरूंच्या नेमणुका पाहणाऱ्या वाचकांस हा प्रश्न परका वाटू नये.

शिवाय जुना तराजूही आता पूर्वीसारखा विश्वासार्ह राहिलेला नाही. २०२१ पासून खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येते आणि स्वतःच्या नावावर कमाई करता येते. त्यामुळे जवळच्या मातीत कोण पिकते याचे महत्त्व उतरले. पराभवांच्या संख्येसाठी प्रसिद्ध असलेल्या इंडियानाने कर्ट सिग्नेटी यांच्या दुसऱ्याच वर्षी, २०२५ च्या हंगामात, विजेतेपद मिळविले. कोणत्याही जुन्या यादीत ते पद वरच्या पंक्तीत नव्हते.

म्हणून आमच्या लेखी ऑक्सफर्डचे पद बॅटन रूजहून वरचे ठरते. २०२० पासून किफिन यांना तेथे संघ उभारण्यास सहा हंगाम मिळाले, आणि ते गेल्यावर तोच संघ पीट गोल्डिंग यांच्या हाताखाली उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. बॅटन रूजचा करार सात वर्षांचा, वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरचा आहे. केली यांचा दहा वर्षांचा होता. चौथा हंगामही त्यांना पुरा करता आला नाही.