विश्लेषण : महामार्ग वाढले, सायकलची वाट कुठे? नागपूरभोवतीचे शांत ग्रामीण रस्ते का जपावेत?

थंडी सुरू झाली की रविवारी पहाटे धंतोली, धरमपेठ, प्रतापनगर या भागांतून सायकलस्वारांचे गट शहराबाहेर निघताना दिसतात. कुणी रामटेकला जातो, कुणी सेवाग्रामला, तर कुणी धापेवाड्याला दर्शन घेऊन दुपारी परततो. सायकलवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे सायकल घेणे थोडे सोपे झाले. मात्र ती चालवायची कोणत्या रस्त्यावर, हा प्रश्न दरवर्षी अवघड होत चालला आहे.

हा विषय आताच का?

नागपूरभोवती रस्त्यांची मोठी कामे एकाच वेळी सुरू आहेत किंवा प्रस्तावित आहेत. ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. वर्धा जिल्ह्यातील पवनार ते गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवी या सुमारे ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाला जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. हिंगणा तालुक्यात गोधनी व लाडगाव परिसरात सुमारे ६९२ हेक्टरवर ‘नवीन नागपूर’ उभारण्याचा आणि शहराबाहेरून नवा वळणरस्ता काढण्याचा निर्णय झाला आहे. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत ७१९ गावे येतात. सायकलस्वार ज्या रस्त्यांना ‘शांत’ म्हणतात, ते बहुतेक याच गावांमधून जातात.

सायकल पर्यटनाला कोणता रस्ता लागतो?

राज्यात राष्ट्रीय महामार्गांच्या खाली राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी उतरंड आहे. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. सायकल पर्यटन मुख्यतः शेवटच्या दोन प्रकारांवर चालते. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने अशा अनेक रस्त्यांवर प्रथमच डांबर आणले. या योजनेतील रस्ता साधारण पावणेचार मीटर रुंद असतो आणि वर्दळ अगदी कमी असेल तर तीन मीटर. मोटारीला तो अरुंद वाटतो, पण सायकलला तेवढा पुरतो. अरुंदपणामुळे वाहनांचा वेगही आपोआप मर्यादित राहतो. त्याखाली येतात पांदण रस्ते. मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून २०२१ पासून त्यांच्या मजबुतीकरणाची कामे घेतली जात आहेत. पांदण शेतकऱ्यासाठी असते, पण उन्हाळ्या-हिवाळ्यात ती सायकललाही चालते. पावसाळ्यात मात्र विदर्भाची काळी माती चाकाला आणि ब्रेकला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

धंतोलीतून गावापर्यंत पोहोचायचे कसे?

खरी अडचण पहिल्या १५ किलोमीटरची आहे. धंतोली हा रुग्णालयांचा भाग आहे. रस्ते जुने आणि अरुंद, दोन्ही बाजूंना वाहने उभी. पुढे वर्धा मार्गावर जड वाहने. यावर एक उपाय शहरातच आहे. नागपूर मेट्रोच्या डब्यात सायकल नेता येते. धंतोलीलगतच्या काँग्रेसनगर स्थानकातून खापरीपर्यंत, किंवा सीताबर्डीला गाडी बदलून हिंगणा मार्गावरील लोकमान्यनगरपर्यंत जाता येते. तेथून शहराचा बराच भाग मागे पडतो. दुसऱ्या टप्प्यात मेट्रो कन्हान, बुटीबोरी औद्योगिक वसाहत आणि हिंगण्यापर्यंत जाणार आहे. तेथील स्थानकांपासून गावरस्त्यापर्यंतचा जोड सुरक्षित ठेवला, तर सायकलस्वाराची निम्मी चिंता मिटेल. हे नियोजन स्थानके बांधतानाच करावे लागते.

कोणत्या दिशेला काय आहे?

पश्चिम आणि वायव्येला कळमेश्वर, काटोल, नरखेड हा संत्र्याचा पट्टा. याच दिशेला ४०-४५ किलोमीटरच्या टप्प्यात चंद्रभागेकाठचे धापेवाडा, ज्याला विदर्भाची पंढरी म्हणतात, आणि आदासा येथील गणपती. ईशान्येला सुमारे ५० किलोमीटरवर रामटेकची गडी, मनसरचे उत्खनन आणि खिंडसी तलाव. दक्षिणेला केळझर, सेलू, धाम नदीकाठचा विनोबांचा पवनार आश्रम आणि वर्ध्याजवळ गांधीजींनी १९३६ मध्ये वास्तव्यासाठी निवडलेले सेवाग्राम.

प्रत्येक दिशेची वर्दळ मात्र वेगळी आहे. उमरेड, कामठी, सावनेर या बाजूंना कोळसा खाणी आहेत, तर कोराडी व खापरखेडा येथे वीज केंद्रे. त्यामुळे कोळसा आणि राखेचे ट्रक, तसेच कन्हानच्या वाळूची वाहतूक या रस्त्यांवर असते. उमरेड-कऱ्हांडला आणि बोरच्या जंगलालगत वाघाचा वावर असल्याने पहाटे अंधारात व संध्याकाळनंतर सायकल चालवणे टाळावे लागते. हंगामही मोजका, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा सकाळी नऊनंतर रस्त्यावर राहणे धोक्याचे ठरते.

द्रुतगती मार्गामुळे नेमके काय बदलते?

समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. तेथे दुचाकी, तीनचाकी आणि सायकलला प्रवेश नाही. एवढ्या वेगात सायकल असणे सायकलस्वाराच्याच जिवावर बेतेल, त्यामुळे या बंदीवर आक्षेप घेण्यासारखे काही नाही. प्रश्न आडव्या जाणाऱ्या रस्त्यांचा आहे. दोन्ही बाजूंनी कुंपण असलेला मार्ग गावाच्या शिवारातून जातो, तेव्हा गावरस्ते ठरावीक भुयारी मार्गांकडे वळवले जातात. पावसाळ्यात तेथे पाणी साचले तर शेतकरी, शाळेची मुले आणि सायकलस्वार सगळेच अडकतात. दुसरा बदल चौपदरीकरणाचा. जुना रस्ता रुंद झाला की वेग वाढतो आणि कडेची डेरेदार झाडे जातात. सिमेंटच्या रस्त्याची कड बाजूच्या मातीपेक्षा बरीच उंच राहिली, तर मागून ट्रक आल्यावर सायकल खाली उतरवणेही कठीण होते.

धोका किती खरा आहे?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ६१ हजार ३८ मृत्यू, म्हणजे सुमारे ३६ टक्के, राष्ट्रीय महामार्गांवरचे होते. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत या महामार्गांचा वाटा जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून सायकलस्वारासाठी लांबचा गावरस्ता हाच अनेकदा जवळचा ठरतो. हे केवळ हौशी लोकांपुरते नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकल दिली जाते. पर्यटक आणि विद्यार्थिनी एकाच रस्त्यावरून जातात. फरक इतकाच की पर्यटक रस्ता बदलू शकतो, मुलीला तो पर्याय नसतो.

गावांना यातून काय मिळते?

मोटारीतून नागपूरहून वर्ध्याला जाणारा प्रवासी वाटेत थांबलाच पाहिजे असे नाही. सायकलस्वार दिवसाला ५० ते ८० किलोमीटर जातो आणि दर १५-२० किलोमीटरवर त्याला पाणी, चहा, तर्री-पोहे, हवा भरायला पंप किंवा पंक्चरवाला लागतो. त्याचा खर्च लहान असतो, पण तो टपरीवर आणि गावातच होतो. मुक्काम केला तर शेतघर किंवा एखाद्याची ओसरीही पुरते. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले. त्यातील नोंदणीकृत केंद्रे आणि शांत रस्ते एका नकाशावर आले, तर दोन-तीन दिवसांचे दौरे सहज आखता येतील.

विदर्भाला सायकलदौऱ्याची परंपराही आहे. वरोऱ्याच्या आनंदवनातील बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५ मध्ये ‘भारत जोडो’ अभियान काढले. त्यात शंभराहून अधिक तरुण कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलवर निघाले होते. अलीकडच्या काळात नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अवघड शर्यत एकट्याने पूर्ण केली.

इतर देशांत काय केले जाते?

युरोपात ‘युरोवेलो’ नावाने १७ लांब पल्ल्याचे सायकलमार्ग आखले आहेत. त्यांतील बराच भाग नव्याने बांधलेला नाही. कमी वर्दळीच्या जुन्या रस्त्यांना पाट्या लावून ते जोडले आहेत. बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात १९९०च्या दशकात चौकांना क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढे नेदरलँड्समध्ये पसरली. सायकलस्वार क्रमांकांची यादी कागदावर लिहून निघतो आणि पाट्या बघत जातो. यात मुख्य खर्च पाट्यांचा आणि देखभालीचा असतो.

येथे काय शक्य आहे?

नागपूर आणि वर्धा जिल्हा परिषदांकडे ग्रामीण मार्गांच्या नोंदी असतातच. त्यांतून ट्रकची वर्दळ कमी असलेले तीन-चार मार्ग निवडून गावाचे नाव, अंतर, पाण्याची सोय दाखवणाऱ्या मराठी पाट्या लावणे, हे पहिले पाऊल. नव्या महामार्गांच्या आराखड्यात भुयारी मार्गांची उंची, निचरा आणि दिवे यांची तपासणी गावकऱ्यांसह करणे, हे दुसरे. रुंदीकरणात कडेला सायकल उतरवता येईल असा भक्कम, समतल पट्टा ठेवणे, हे तिसरे. यातील कशासाठीही स्वतंत्र महामंडळ लागत नाही. मात्र रस्ता रुंद झाल्यावर आणि झाडे गेल्यावर शांत वाट परत आणता येत नाही. त्यामुळे महानगर प्रदेशाचे आराखडे कागदावर आहेत, तोवरच हा निर्णय घ्यावा लागेल.